भायेरचं आणि आतलं

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी उरतात, पेन्शन आणि किस्से. पेन्शनीला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. किश्शांना लागत नाही. उलट ज्यांच्याबद्दल सांगायचं ती माणसं हयात नसली तर ते जास्त मोकळेपणानं सांगता येतात. माझे बरेचसे किस्से कर्जत तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यातले आहेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली एक चूक माझी आहे आणि ती अजून खात्याला सापडलेली नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत मी तिथं कारकून होतो. केसपेपर लिहिणं, रजिस्टर भरणं, मासिक तक्ता जिल्ह्याच्या कचेरीला धाडणं ही माझी कामं. थोडक्यात, औषध सोडून बाकी सगळं पेशंटला मी देत असे.

औषध गुप्ते डॉक्टर देत. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, मेंदूच्या विभागात दोन वर्षं काढून ते आमच्याकडे आले होते. तिथून इथं कसे आले हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सरकारी खात्यात बदलीचं कारण विचारणं म्हणजे बाईमाणसाला वय विचारणं. आल्या आल्या त्यांनी मंगळवार राखून ठेवला. फिट येणारे, अंग लुळं पडलेले, तोंड वाकडं झालेले, हात थरथरणारे, सगळ्यांनी मंगळवारी यायचं. लोक त्याला डोक्याचा मंगळवार म्हणायचे. आठवड्यातल्या इतर दिवशी डोकं घेऊन आलं तर चालणार नाही अशी काहींची समजूत होती, आणि काही जण ती पाळतही असत.

* * *

पहिला किस्सा माझ्या चुकीचा.

मी मूळचा घाटावरचा, सासवडकडचा. नव्यानं बदलून आलेलो. केसपेपरवर नाव, वय, रहिवास, तक्रार असे चार रकाने. मंगळवारी फिट येणाऱ्या माणसाला घेऊन घरचे चार-पाच जण यायचे. नाव-वय झालं की मी पेशंटकडे बोट करून विचारायचो, "कुठलं?"

उत्तर यायचं, "भायेरचं."

मी रहिवासाच्या रकान्यात लिहायचो : बाहेरचे. म्हणजे तालुक्याबाहेरचे. मला वाटलं, डॉक्टरांची कीर्ती लांबवर गेली असेल. पनवेलचे असतील, मुरबाडचे असतील, एवढ्या तपशिलाची तक्त्याला गरज नव्हती. त्यात स्थानिक आणि बाहेरचे एवढेच दोन भाग होते.

आमच्याकडे भूत लागण्याला बाधा म्हणतात. इकडे भूतबाधेला भायेरचं म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी "कुठलं?" म्हणून गाव विचारतोय हे त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, कारकून शहाणा आहे, मुळापाशी हात घालतो.

वर्ष संपलं. तक्ता गेला. मंगळवारचे निम्म्याहून जास्त पेशंट बाहेरचे! महिन्याभरात जिल्ह्याहून पत्र आलं. आपल्या दवाखान्याचा लाभ घेण्यासाठी तालुक्याबाहेरून मोठ्या संख्येनं रुग्ण येतात ही अभिनंदनीय बाब आहे, सबब फिटच्या गोळ्यांचा पुरवठा दुप्पट करण्यात येत आहे.

तोवर गोळ्या महिन्याच्या पंधरा तारखेला संपायच्या. फिटची गोळी अशी की ती रोज घ्यावी लागते, आणि एकदम थांबली तर दुखणं दुप्पट जोरानं उठतं. डॉक्टरांनी वर्षभर मागणीपत्रं लिहून जे झालं नव्हतं ते माझ्या अज्ञानानं एका तक्त्यात केलं.

* * *

चूक मला कळवली ती पोशीरच्या सखाराम जाधवांनी.

सखाराम रेल्वेत गँगमन. छपन्न साली दीक्षा घेतलेलं घर. घरातले देव त्यांनी तेव्हाच नदीत सोडले होते आणि देवांबरोबर भुतंही सोडली होती. बायकोनं फक्त देव सोडले होते. मुलगी हिरा, तेरा-चौदा वर्षांची, हुशार. वर्गात फिट येऊन पडली, तेव्हापासून शाळेनं घरी बसवली होती. बरी झाली की आणा म्हणाले. तिला मास्तरीण व्हायचं होतं. हे तिनंच मला सांगितलं, मी विचारलं नसताना. केसपेपरवर तसा रकाना नव्हता.

मी नेहमीसारखं विचारलं, "कुठलं?"

आई म्हणाली, "भायेरचं हाय, भाऊसाहेब."

सखाराम ताडकन म्हणाले, "भायेरचं काय नाय. आतलंच हाय, डोक्यातलं. तुमी गावाचं नाव लिवा, पोशीर."

मी पेन खाली ठेवलं. पोशीर तर इथं आहे, नेरळजवळ. मग भायेरचं काय? सखारामांनी समजावून सांगितलं. मी मागची सगळी पानं उलटून पाहिली. मला घाम फुटला, आणि थोडा वेळ भायेरचं मलाच झालं.

डॉक्टरांच्या पुढं रजिस्टर ठेवून कबुली दिली. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आजपासून बरोबर लिहा."

"आणि मागचं, साहेब? जिल्ह्याला कळवायचं?"

"कळवलं तर गोळ्या परत मागवतील. त्या आता लोकांच्या पोटात आहेत."

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात बाहेरचे एकदम चारच निघाले. जिल्ह्याहून विचारणा आली, गतवर्षीच्या बाहेरच्या रुग्णांचे काय झाले? मी दोन दिवस विचार केला आणि एका ओळीत खुलासा पाठवला : गतवर्षीचे बाहेरचे उपचारांनी उतरले आहेत.

तिथं बसलेला माझ्यासारखाच कुणी घाटावरचा असावा. संख्या उतरली असं समजून त्यानं फाइल बंद केली. पुरवठा कमी करायचा राहून गेला. हिराची गोळी त्याच पुरवठ्यातली. गोळी चालू झाल्यावर चार महिन्यांनी ती शाळेत परत गेली.

* * *

फिट आली की चप्पल हुंगवायची, ही त्या भागातली पक्की रीत. त्यात एक भगत फारच वाकबगार होता. तो म्हणायचा, घरातली वापरलेली चप्पल चालत नाही. कोरी पाहिजे, डाव्या पायाची, कर्जतच्या बाजारातली. लोक धावत कर्जतला जायचे, चप्पल आणायचे, तोवर पेशंट उठून चहा घेत बसलेला असायचा. गुण आला म्हणून चप्पल भगताच्या ओट्यावर वाहायची.

डॉक्टरांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "माणूस बरोबर आहे. चप्पल जितकी लांब, तितका गुण खात्रीचा."

एका मंगळवारी भगत स्वतःच आला. बायकोला फिट येत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, गोळी दिली, आणि सहज विचारलं, चप्पल करून पाहिली का?

भगत सरळ म्हणाला, "घरात तीस हायत, डागदर. घरच्या माणसाला गुण येत नाय."

बायकोला गोळीनं गुण आला. त्यानंतर भगत आपल्याकडची माणसं आमच्याकडे धाडू लागला. ओळख म्हणून प्रत्येकाच्या हातात एक डावी चप्पल द्यायचा. ती घेऊन आलेल्या पेशंटला मी नंबर मोडून आत सोडायचो. मोठ्या इस्पितळांत संदर्भ चिठ्ठी म्हणतात, तीच ही. फक्त वाचायला सोपी.

* * *

एक म्हातारी माळकरीण होती. गोळ्यांनी तिच्या फिट थांबल्या, पण दर पंधरा दिवसांनी एक फिट यायचीच. डॉक्टर चक्रावले. मी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणालो, साहेब, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येते. बाई उपासाला गोळी घेत नव्हती.

डॉक्टरांनी तिला बोलावून गंभीरपणे सांगितलं की गोळी बांधायला बटाट्याचं पीठ वापरतात. बटाटा उपासाला चालतो, तेव्हा गोळीही चालते.

पुढच्या महिन्यात आली ती हसतच. फिट नाही. म्हणाली, एकादशीला दोन घेतल्या. आपल्यात म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी, पण ती औषधांपर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टर घाबरून म्हणाले, अहो, दोन घेऊ नका, दिवसभर झोप येईल.

"लागली ना. उपास कवा झाला कळलंच नाय," म्हातारी म्हणाली आणि टेबलाला हात लावून नमस्कार केला.

ब्लडप्रेशरवाल्यांचं वेगळंच. अर्धांगाचा झटका येऊ नये म्हणून डॉक्टर त्यांना मीठ तोडायला लावायचे. एकानं मीठ पार सोडलं, तरी प्रेशर उतरेना. शेवटी कळलं, दोन्ही वेळा सुकं बोंबील. विचारलं तर म्हणाला, त्यात आमी मीठ कुठं घालतो, ते दर्यातनंच घालून येतं.

* * *

हिराच्या फिट कमी झाल्या, पण पूर्ण थांबेनात. डॉक्टरांनी तिला मुंबईला पाठवलं, डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायला. त्या काळात हे यंत्र मोजक्या ठिकाणी होतं. चिठ्ठीवर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं : डोके धुऊन, तेल न लावता आणणे.

आईनं शिकेकाईनं डोकं धुतलं. गाडीत बसेपर्यंत धीर धरला. मुंबईत उतरल्यावर मात्र तिला राहवेना. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढं पोर भुरभुरत्या केसांनी न्यायची, लोक काय म्हणतील, कोण वारलं म्हणतील! फलाटावरच्या बाकड्यावर बसून तिनं गाठोड्यातली बाटली काढली आणि पोरीचं डोकं चांगलं थबथबवून वेणी घातली.

तारा चिकटेनात. तिथला माणूस म्हणाला, दोन महिन्यांनी या.

दोन महिन्यांनी सखाराम स्वतः गेले. बायकोलाही नेलं, बाटली मात्र घरी कुलपात ठेवली. आलेख निघाला, त्यावरून मुंबईच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडून दिली. कागदाची ती लांबलचक घडी सखारामांनी आमच्या व्हरांड्यात उलगडली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघाच रेघा. बायकोला म्हणाले, "बघ गं. भायेरचं असतं तर कागद कोरा आला असता."

बायकोनं एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पोर एवढं लिवते आतल्या आत?"

दुसऱ्या गोळीनंतर हिराला फिट आली नाही. एक वर्ष, दोन वर्षं. ती मॅट्रिक झाली.

* * *

लोधिवलीकडचे एक पाटील होते. वय साठीचं, मिशी त्याहून जुनी वाटावी अशी. एका सकाळी उठले तर तोंड एका बाजूला. घरच्यांनी पारवा कापायची तयारी केली होती, लकव्यावर पारव्याचं रक्त लावतात म्हणून. पारवा उडाला, म्हणून दवाखान्यात आणले.

डॉक्टर म्हणाले, हा झटका नव्हे, चेहऱ्याची एक नस सुजली आहे, उतरेल. औषध दिलं आणि व्यायाम सांगितला. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, आणि दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं शिट्टी वाजवायची.

पाटलांनी आयुष्यात शिट्टी वाजवली नव्हती. गावात कुणाला वाजवूही दिली नव्हती. आठ दिवसांनी गावातली चार मंडळी माझ्या टेबलापुढं उभी. पाटील ओट्यावर बसून शिट्ट्या मारतात, पाणवठ्याची वाट तिथूनच जाते, बायकांनी वाट बदलली. तुमच्या दवाखान्यानं आमचा पाटील बिघडवला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी कचेरीच्या कागदावर दाखला टाइप केला : सदर इसमास शिट्टी वाजवणे हे औषधोपचार म्हणून आवश्यक असून त्यास कोणी हरकत घेऊ नये. सही, गोल शिक्का. पाटलांनी तो काचेत बसवून ओट्यावर टांगला.

तीन महिन्यांत तोंड सरळ झालं. पाटील आभार मानायला आले, तांदूळ घेऊन. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, दाखल्याची मुदत तेवढी वाढवून देता का?"

* * *

हिराला मास्तरांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली, पण डॉक्टरी दाखल्याची अट होती. सोपा मार्ग असा होता की दुखण्याचं नाव न काढता सही करायची. मी तसा मसुदाही केला होता. डॉक्टरांनी तो फाडला. म्हणाले, पोरीनं एवढं करून दाखवलं ते लपवायचं कशाला? त्यांनी इंग्रजीत मजकूर सांगितला. मी टाइप केला. अर्थ असा : हिला फिट येत असत, औषध चालू आहे, दोन वर्षांत आलेली नाही, शिक्षिका होण्यास ती फिट आहे.

कॉलेजच्या कारकुनाचा उलट टपाली प्रश्न आला. त्याची अडचण मी समजू शकतो. एकाच दाखल्यात फिट येते आणि फिट आहे, असे दोन्ही शब्द आहेत. नक्की कोणते धरायचे?

डॉक्टरांनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं : दोन्ही.

तिला घेतलं. ट्रेनिंग झालं, खालापूर तालुक्यात डोंगरातल्या एका वाडीवर नेमणूक मिळाली. पण नेमणूकपत्रात एक कलम जादा होतं. पहिल्या दोन वर्षांत वर्गात एकदा जरी फिट आल्याचं निदर्शनाला आलं तर नेमणूक रद्द. सखारामांनी ते पत्र मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, हे बरोबर नाही, अर्ज करू.

हिरा म्हणाली, "नको, भाऊसाहेब. अर्जाला उत्तर येईस्तोवर दोन वर्षं हुतील."

सरकारी कामाची तिला चांगली जाण होती.

* * *

शेवटचा किस्सा मी पाहिलेला नाही. हिरानंच सांगितला, गोळ्या न्यायला आली तेव्हा, माझ्यासमोरच्या बाकावर बसून.

दुसऱ्या वर्षाचा श्रावण. ओढ्याला पाणी, वाडीचा रस्ता आठवडाभर बंद. तिच्याजवळच्या गोळ्या संपल्या. चार दिवस गोळीविना गेले. पाचव्या दिवशी पाणी उतरलं आणि त्याच दिवशी, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब, दारात उभे राहिले. तिनं त्यांना खुर्ची दिली, हजेरी पुढं ठेवली, फळ्याकडे वळली. पुढचं तिला मुलांनी सांगितलं.

ती फळ्यापाशी कोसळली. दिपोटी खुर्चीवरून उठले, ओरडले, पाणी आणा, कोणीतरी मोठं माणूस बोलवा. एकही मूल दाराकडे गेलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोघींनी बाईंना कुशीवर वळवलं. एकीनं आपलं दप्तर डोक्याखाली सरकवलं. दुसरीनं खडूचा डबा आणि घंटा लांब नेऊन ठेवली. मग सगळा वर्ग जागच्या जागी बसला आणि एका सुरात सुरू झाला, बारा एके बारा, बारा दुणे चोवीस.

दिपोटींनी विचारलं, हे काय चाललंय?

दप्तरवाली पोरगी म्हणाली, "बाराचा दोन डाव म्हणायचा, गुर्जी. तेवढ्यात बाई थांबतात. नाय थांबल्या तर आमी दोघी दवाखान्यात पळायचं, रस्ता दाखवलाय बाईनं. तुमी बसा."

हे सगळं तिनं पहिल्याच दिवशी शिकवून ठेवलं होतं. तोवर एकदाही लागलं नव्हतं, तरी दर शनिवारी ती फळ्यापाशी आडवी पडून उजळणी घ्यायची.

दिपोटी बसले. पहिला पाढा संपला. दुसऱ्यात, बारा सक बहात्तरला तिचं अंग थांबलं. मुलांनी पाढा पुरा केला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. समोर चिखलाचे बूट दिसले आणि तिला सगळं समजलं.

ती उठता आलं तेव्हा उठली, पदर सारखा केला, कपाटातून शेरेबुक काढून स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढं ठेवलं. दिपोटींनी पेन काढलं. मग चार ओळी लिहिल्या, सही केली, मुलांना नमस्ते म्हणाले आणि निघून गेले. ते ओढ्यापलीकडे दिसेनासे होईपर्यंत तिनं बुक उघडलं नाही.

तो शेरा तिनं कागदावर उतरवून आणला होता. डॉक्टरांना दाखवायला. डॉक्टरांनी वाचला, मला दिला, आणि चष्मा पुसायला घेतला. मी तो इतक्या वेळा वाचला की पाठ झाला.

"पटावर सव्वीस, हजर चोवीस. वर्ग स्वच्छ व शिस्तबद्ध. बाराचा पाढा दोन वेळा ऐकला, तोंडपाठ आहे. याव्यतिरिक्त नोंद घेण्यासारखे काही आढळले नाही."